उष्णतेचा जमाखर्च मांडणारा जेम्स जूल

दिव्याखाली अंधार असतो, असे आपण नेहमी म्हणतो. दिव्याभोवती उष्णता असते, हे मात्र कोणी म्हणीत गोवले नाही. कारण ते ज्याच्या त्याच्या हातालाच कळते. पुण्याच्या मंडईत तिन्हीसांजेला भाजीच्या ढिगांवर पिवळ्या उजेडाचे विजेचे दिवे लोंबकळत असत, त्या काळी कोथिंबिरीची जुडी दिव्याच्या फार जवळ मांडली तर ती थोड्याच वेळात मान टाकी आणि भाजीवाल्या बाईला तिच्यावर पाण्याचा शिपका मारावा लागे. आजही पहाटे गुलटेकडीच्या मार्केट यार्डाहून पोती घेऊन जो टेम्पो मंडईच्या दाराशी येऊन उभा राहतो, त्याच्या पुढच्या दिव्याच्या काचेजवळ हात नेल्यास तोच अनुभव येतो. दिवा आपण लावतो तो उजेडाकरिता. मग ही न मागितलेली उष्णता कोठून येते, किती येते, आणि लहान दिव्याच्या जागी मोठा दिवा बसविला असता ती कोणत्या प्रमाणाने वाढते? ह्या प्रश्नांचे उत्तर ज्याने प्रथम मोजून दिले, तो कोणी विद्यापीठातील पंडित नव्हता. एका मद्याच्या कारखानदाराचा, प्रकृतीने अशक्त व स्वभावाने लाजाळू असा तो मुलगा होता. त्याचे नाव जेम्स प्रेस्कॉट जूल. त्याचे चरित्र विद्यार्थ्यांनी तर वाचावेच. पण ज्यांच्या घरी दुचाकी अथवा मोटार आहे अशा पालकांनाही त्यात उपयोगाचे काही सापडेल.

ज्या वर्षी पुण्याची पेशवाई संपली, त्याच १८१८ सालच्या डिसेंबर महिन्याच्या २४ तारखेस इंग्लंडमधील मँचेस्टर शहराला लागून असलेल्या सॅलफर्ड ह्या गावी जेम्सचा जन्म झाला. वडील बेंजामिन जूल हे बीअर गाळण्याच्या मोठ्या कारखान्याचे धनी असल्यामुळे घरात कशाचीच वाण नव्हती. परंतु मुलाच्या पाठीच्या कण्यात लहानपणापासून दोष होता. इतर मुलांबरोबर हुंदडणे त्याला जमत नसे. म्हणून त्याला शाळेत न घालता घरीच शिक्षक ठेवण्यात आले. पुढे १८३४ साली त्याला व त्याच्या थोरल्या भावाला जॉन डाल्टन ह्यांच्याकडे शिकावयास पाठविले. पदार्थ अणूंचे बनलेले असतात हा सिद्धान्त रसायनशास्त्रात ज्यांनी दृढ केला, तेच हे डाल्टन. एवढा जगन्मान्य शास्त्रज्ञ आपल्याला काही चमत्कार दाखवील अशी मुलांची अपेक्षा असेल. परंतु डाल्टन ह्यांनी प्रथम अंकगणित व भूमितीच घोटून घेतली. १८३७ साली पक्षाघाताने गुरूंचे शिकविणे थांबले. तथापि मोजल्यावाचून काही मानावयाचे नाही हा धडा शिष्याच्या अंगी तोपर्यंत पुरता भिनला होता.

तो वृत्तीने मात्र कोरडा हिशेबनीस नव्हता. तरुणपणी एका सरोवरावर प्रतिध्वनी ऐकण्याकरिता त्याने पिस्तुलात इतकी दारू ठासली की बार उडताच त्याच्या भुवया जळाल्या, असे त्याचे चरित्रकार सांगतात. वय वाढले तसा हा उतावळेपणा निवळला. जिज्ञासा मात्र जन्मभर तशीच राहिली.

त्या काळी मँचेस्टर म्हणजे वाफेच्या यंत्रांचे व कापडगिरण्यांचे माहेरघर होते. वीज अजून नवलाची वस्तू होती. तिच्या साहाय्याने लोहचुंबक फिरवून यंत्रे चालविता येतील अशी आशा अनेकांना वाटू लागली होती. जूल वडिलांच्या कारखान्यात काम पाहत असे. वाफेच्या यंत्राऐवजी विजेचे यंत्र बसविले तर काय खर्च येईल, हा प्रश्न त्याच्या मनात सहजच आला. विसाव्या वर्षाच्या आसपास त्याने स्वतः विजेची यंत्रे बनविण्यास आरंभ केला, आणि त्यांविषयीचे लेख १८३८ सालापासून छापून येऊ लागले. वीज त्या वेळी घटातून मिळे व घटात जस्त झिजे. जूलने एक पौंड जस्त झिजून किती काम होते आणि एक पौंड कोळसा जळून किती काम होते, ह्याची तुलना केली. उत्तम वाफेच्या यंत्रात कोळसा जस्ताच्या चौपटीहून अधिक काम देई, आणि जस्त तर कोळशाहून कितीतरी महाग. एखादा तरुण अशा वेळी निराश होऊन तो नाद सोडता. जूलच्या मनात मात्र दुसराच प्रश्न उभा राहिला. विजेची जी शक्ती यंत्राच्या कामी आली नाही, ती गेली कोठे?

तारांना हात लावून पाहिल्यास त्या तापलेल्या असत. म्हणजे शक्ती नाहीशी होत नव्हती, तर तिची उष्णता होत होती. मग ही उष्णताच मोजावी, असे त्याने ठरविले. तारेचे वेटोळे करून ते पाण्याच्या भांड्यात बुडवावयाचे, तारेतून ठराविक वेळ प्रवाह सोडावयाचा आणि पाण्यातील तापमापकाचा पारा किती चढला ते टिपून ठेवावयाचे, एवढाच तो प्रयोग. दिसावयास तो अगदी साधा आहे. पण त्यातून जो नियम निघाला तो १८४० सालच्या अखेरीस, म्हणजे अवघ्या बाविसाव्या वर्षी, जूलने लंडनच्या रॉयल सोसायटीकडे लिहून पाठविला. तो नियम असा की, प्रवाह दुप्पट केला तर तारेतील उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. प्रवाह तिप्पट केला तर ती नऊपट होते. शिवाय तारेचा रोध जितका अधिक, तितकी उष्णताही अधिक. सोसायटीने ह्या निबंधाचा केवळ सारांश छापला. संपूर्ण निबंध पुढील वर्षी दुसऱ्या एका मासिकात प्रसिद्ध झाला. आज जगातील प्रत्येक शाळेत हा नियम जूलच्या नावाने शिकविला जातो.

ह्या नियमाचा आपल्या रोजच्या व्यवहाराशी काय संबंध, असे कोणी विचारील. मंडईत येणाऱ्या त्या टेम्पोचेच उदाहरण घेऊ. बारा व्होल्टच्या वाहनात पुढच्या लांब झोताचा हॅलोजन दिवा साधारणपणे ६० वॅटचा असतो. म्हणजे तारेतून ५ अँपिअर प्रवाह वाहतो. रात्री उजेड कमी पडतो म्हणून मालक नाना पेठेतील सुट्या भागांच्या दुकानातून १०० वॅटचा दिवा आणून त्याच जागी बसवितो. प्रवाह आता ८ अँपिअरच्या थोडा वर गेला. दिव्याची शक्ती पावणेदोन पटीहूनही कमीच वाढली; म्हणून तारही तेवढीच अधिक तापेल असे मालकास वाटते. जूलचा नियम सांगतो की ती पावणेतीनपट तापेल. दिवा तापलेला दिसतो व जाणवतो. परंतु तार झाकलेली असल्यामुळे तिचा ताप कोणास दिसत नाही. आधी होल्डर काळवंडतो, मग तारेवरचे वेष्टण कडक होऊन तडकते. दिव्याची जास्तीची धग सोसून आतील आरशाची चकाकी उडते व पुढचे प्लॅस्टिक पिवळे पडते. तारेतच अधिक दाब खर्ची पडल्यामुळे दिव्यालाही पूर्ण दाब मिळत नाही, आणि विकत घेतलेला उजेड हाती येत नाही. फ्यूज वितळला म्हणून त्या जागी जाड तार बसविणे म्हणजे तर घराच्या राखणदाराला बाहेर घालवून दार उघडे टाकण्यासारखे आहे. मग तारांचे आवरण पेट घेण्याचे भय राहते. मोठा दिवा घालावयाचाच असेल, तर त्या वाहनास तो चालतो की नाही हे आधी पाहावे. आणि चालत असल्यास बॅटरीपासून नवी जाड तार व रिले बसवून, होल्डरही तो ताप सोसेल असा घ्यावा. दुचाकीचेही तसेच आहे. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा दिवसाही जळत असतो. त्यामुळे तेथे तारेला उसंत अशी मिळतच नाही.

आता पुन्हा जूलकडे वळू. तारेतील उष्णतेचा नियम सापडल्यावर तो स्वस्थ बसला नाही. घटातून येणाऱ्या विजेची उष्णता जस्ताच्या झिजण्यातून येते असे म्हणता येईल. परंतु हाताने चक्र फिरवून जी वीज उत्पन्न होते, तिची उष्णता कोठून येते? तेथे जस्तही नाही व कोळसाही नाही. आहेत ते केवळ फिरविणाराचे श्रम. म्हणजे श्रमांचीच उष्णता होत असली पाहिजे, आणि किती श्रमांची किती उष्णता हा भाव सर्वत्र एकच असला पाहिजे. त्या काळचे बहुतेक विद्वान उष्णतेला एक प्रकारचा अदृश्य द्रव मानीत. हा द्रव एका वस्तूतून दुसरीत वाहतो, पण नवा निर्माण होत नाही, अशी समजूत होती. जूलने हातात तापमापक घेऊन त्या समजुतीलाच हात घातला. १८४३ साली आयर्लंडमधील कॉर्क येथे विद्वानांच्या सभेपुढे त्याने आपले अनुमान मांडले, तेव्हा कोणी त्याचे खंडन केले नाही आणि मंडनही केले नाही. सभा गप्प राहिली. विरोधाला उत्तर देता येते. मौनाला देता येत नाही. तरीही तो घरी परतला आणि पुन्हा मोजू लागला.

पुढील कित्येक वर्षे त्याने हा भाव निरनिराळ्या रीतींनी ठरविला. त्यांतील पाण्याच्या चाकाचा प्रयोग सर्वांत प्रसिद्ध आहे. तांब्याच्या बंद भांड्यात पाणी भरून त्यात पितळेची वल्ही असलेला दांडा बसविला होता. दांड्याला गुंडाळलेल्या दोरीच्या टोकांशी शिशाची दोन वजने, प्रत्येकी सुमारे २९ पौंडांची, टांगलेली असत. वजने सव्वापाच फूट खाली उतरत, वल्ही फिरत आणि पाणी घुसळले जाई. मग वजने पुन्हा वर चढवावयाची व पुन्हा सोडावयाची, असे वीस वेळा. एवढा खटाटोप करून पाणी किती तापे? फॅरनहाइटच्या अर्ध्या अंशाहून किंचित अधिक! अंगाच्या उबेनेही हिशेब बिघडावा अशी ही सूक्ष्म गोष्ट. म्हणून १८४९ सालचे हे प्रयोग त्याने तळघरात केले. मद्याच्या कारखान्यात तपमान क्षणोक्षणी सांभाळावे लागे. तेथील सवय आणि मँचेस्टरच्या कुशल कारागिराने बनविलेले तापमापक ही दोन साधने त्याच्या कामी आली. शेवटी आकडा निघाला तो ७७२. म्हणजे एक पौंड पाणी फॅरनहाइटच्या एका अंशाने तापविण्यास ७७२ पौंडांचे ओझे एक फूट उचलण्याइतके श्रम लागतात.

हा आकडा आपल्या मापात व आपल्या डोळ्यांसमोर आणून पाहू. मंडईतील हमाल ५० किलोंचे बटाट्याचे पोते पाठीवर घेऊन साडेआठ मीटर उंच, म्हणजे जवळजवळ तीन मजले, चढून गेला, तर पोते वर नेण्यात जितके कार्य झाले तितक्याने एक लिटर पाणी केवळ एक अंश सेल्सियसने तापेल. उलट ६० वॅटचा दिवा तेवढीच शक्ती सुमारे ७० सेकंदांत खर्च करतो. ज्या दिव्याला आपण क्षुल्लक समजतो, तो दर सव्वा मिनिटाच्या आत हमालाची एक अवघड खेप संपवीत असतो. एवढ्या शक्तीपैकी फार थोडा भाग उजेडाच्या रूपाने मिळतो. बाकीची सारी उष्णता होऊन जाते.

१८४७ हे वर्ष जूलच्या आयुष्यात महत्त्वाचे ठरले. एप्रिलमध्ये मँचेस्टरच्या एका चर्चच्या वाचनालयात त्याने सामान्य नागरिकांपुढे व्याख्यान दिले. सृष्टिकर्त्याने निर्माण केलेली शक्ती नष्ट होत नाही, ती केवळ रूप पालटते, हा त्याचा दृढ विश्वास त्या व्याख्यानात प्रकट झाला. ते छापण्यास गावचे एक वर्तमानपत्र तयार झाले. पुढे जून महिन्यात ऑक्सफर्ड येथील सभेत बोलण्याची पाळी आली, तेव्हा अध्यक्षांनी वेळ नाही म्हणून थोडक्यात आटोपण्यास सांगितले. हाही प्रसंग कॉर्कसारखाच निष्फळ जावयाचा. परंतु श्रोत्यांत विल्यम टॉमसन नावाचा २२ वर्षांचा एक तरुण प्राध्यापक होता. त्याला जूलचे म्हणणे एकदम पटले नाही, पण ते सोडूनही देववेना. तोच पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून विख्यात झाला. दोघांची मैत्री जडली व बराच काळ त्यांनी एकत्र संशोधन केले. दाबलेला वायू बारीक छिद्रांतून सोडला असता बहुधा थंड होतो, हे त्या दोघांनी शोधून काढले. हवेचे द्रवात रूपांतर करणारी यंत्रे पुढे ह्याच तत्त्वावर निघाली.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जूलचा ॲमेलिया ग्राइम्स हिच्याशी विवाह झाला. नवी जोडी आल्प्स पर्वतात फिरावयास गेली असता तेथे टॉमसनची गाठ पडली. धबधब्याचे पाणी वरून खाली पडताना तापते की नाही हे पाहण्याची जूलची खटपट तेथेही चालू होती, अशी गोष्ट सांगतात. तुषारांमुळे तो प्रयत्न साधला नाही. संसारसुख मात्र फार दिवस टिकले नाही. १८५४ साली पत्नी वारली आणि नुकतेच जन्मलेले मूलही गेले. त्याच सुमारास कारखाना विकण्यात आला. दोन लहान मुलांचा सांभाळ करीत, आधीच एकांतप्रिय असलेला जूल अधिकच अंतर्मुख झाला. पण त्याच्या टिपणवहीतील आकडे थांबले नाहीत.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. उष्णता व श्रम ह्यांचे नाते जर्मनीतील रॉबर्ट मायर नावाच्या डॉक्टरनेही १८४२ साली स्वतंत्रपणे मांडले होते, आणि आधी कोण ह्यावर पुढे कडाक्याचा वाद झाला. इतिहासाने दोघांनाही मान दिला आहे. विचार मांडण्याचे श्रेय मायरला द्यावे लागते. तो विचार वर्षानुवर्षे प्रयोगाच्या कसोटीवर घासून संशयाला जागा न ठेवण्याचे श्रेय जूलचे. १८५० साली, ज्या रॉयल सोसायटीने त्याच्या पहिल्या निबंधाचा केवळ सारांश छापला होता, तिनेच त्याला आपला सभासद करून घेतले, व १८७० साली आपले सर्वश्रेष्ठ कोप्ली पदक दिले. उतारवयात संपत्ती ओसरली. तेव्हा १८७८ साली सरकारने त्याला दरसाल २०० पौंडांचे निवृत्तिवेतन बांधून दिले.

जूलच्या हयातीतच, १८७९ च्या सुमारास, इंग्लंडात स्वान व अमेरिकेत एडिसन ह्यांनी विजेचा दिवा सिद्ध केला. हा दिवा म्हणजे जूलच्या नियमाचेच मूर्त रूप होय. बारीक तारेतून प्रवाह सोडून तिला इतके तापवावयाचे की ती उजळावी. कोळशाच्या तंतूऐवजी पुढे टंगस्टन आले. मोटारीच्या तेलाच्या व कार्बाइडच्या दिव्यांची जागा विजेने घेतली. १९६२ साली युरोपात मोटारींकरिता हॅलोजन दिवे निघाले. हॅलोजनमुळे तंतू अधिक तापविता येतो व उजेड अधिक शुभ्र पडतो. पण त्याची लहानशी काच इतकी तप्त होते की तिला बोटाचा तेलकट डाग लागला तरी ती तेथे खराब होऊ लागते. म्हणूनच तो दिवा बसविताना काचेला हात लावू नये. तंतूचे साधे दिवे शंभर भाग वीज घेऊन प्रकाश मात्र पाचएक भागच देतात.

हल्ली एल.ई.डी. दिव्यांनी मंडईतील गाळे व रस्त्यावरील वाहने दोन्ही व्यापली आहेत. ज्या निळ्या एल.ई.डी.मुळे पांढरा उजेड शक्य झाला, तिच्या शोधाबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा ह्या तिघांना २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हे दिवे थोड्या विजेत पुष्कळ उजेड देतात. म्हणून ते मुळीच तापत नाहीत असा समज पसरला आहे. तो खरा नव्हे. त्यांचा झोत थंड असतो, इतका की बर्फाळ देशांत दिव्याच्या काचेवर साचलेले हिम वितळत नाही. परंतु मागच्या बाजूस, जेथे तो इवलासा स्फटिक बसविलेला असतो, तेथे उष्णता साठते. ती बाहेर नेण्याकरिताच धातूचे पंखे व कधी फिरता पंखाही जोडलेला असतो. जागा अपुरी म्हणून ते झाकले किंवा रबरी टोपणात कोंबले, तर उजेड मंदावतो व दिव्याचे आयुष्य घटते. शिवाय तंतूकरिता घडविलेल्या आरशात वेगळ्या आकाराचा दिवा घातला, तर झोत भलतीकडे पसरून समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. वाहनांच्या दिव्यांची परीक्षा करणारी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ही संस्था १९६६ पासून आपल्या पुण्यातच आहे. दिवा, आरसा, काच व तार ह्यांचा मेळ किती विचाराने घातलेला असतो, हे तेथील कामावरून कळावे.

१८८६ साली पुण्यात रे मार्केटची अष्टकोनी इमारत उभी राहिली. तिलाच पुढे महात्मा फुले ह्यांचे नाव मिळाले. त्या वेळी जूल वृद्ध व आजारी होता. तीन वर्षांनी, ११ ऑक्टोबर १८८९ रोजी, मँचेस्टरजवळ सेल ह्या गावी त्याने देह ठेवला. त्याच वर्षी पॅरिस येथे भरलेल्या विद्युत्‌शास्त्रज्ञांच्या परिषदेने शक्तीच्या मापाला त्याचे नाव दिले होते. एक वॅटचा दिवा एका सेकंदात एक जूल खर्च करतो. त्याच्या थडग्यावरील दगडावर ७७२.५५ हा आकडा कोरलेला आहे. तो त्याने उत्तरवयात पुन्हा मोजून अधिक अचूक केलेला आकडा होय.

विद्यार्थिमित्रांनो, जूलपाशी पदवी नव्हती, आरोग्य नव्हते, वक्तृत्वही नव्हते. त्याच्यापाशी एक तापमापक होता, आणि ज्या गोष्टीकडे इतरांनी काणाडोळा केला तिचा शेवटपर्यंत माग घेण्याची चिकाटी होती. जे खर्च झाले ते कोठेतरी जमा असलेच पाहिजे, हा त्याचा साधा आग्रह. घरच्या वाहनाला नवा दिवा बसवावयाचा झाला, तर उजेड किती वाढेल हे दुकानदार सांगेलच. उष्णता किती वाढेल व ती कोठे जाईल, हे मात्र आपण विचारले पाहिजे. ज्या घरातील मुलाने हा प्रश्न वेळेवर विचारला, त्या घराची वाहनाची तार जळावयाची नाही. आणि जूलचा धडा त्या मुलाने पुस्तकाबाहेरही शिकला असे खुशाल समजावे.